न झिजलेले टायर

जयप्रकाश देवस्थळींना नवी वस्तू वापरायचं अगदी जिवावर यायचं. स्वेटर आणला की तीन हिवाळे कपाटात. मग एक दिवस घडी उलगडावी तर कसरीने तो आधीच वापरून टाकलेला. छत्री चांगल्यातली होती, पण पाऊस जोरात आला की छत्री खराब होईल म्हणून हे भिजत घरी यायचे. बँकेतली सगळी नोकरी नागपूर, पाटणा, कटक अशा बदल्यांत गेली. शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. हाजरा भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली गाडीपुरती जागा, आणि त्या जागेत झाकण घालून ठेवलेली पांढरी गाडी.

गाडी निवृत्तीच्या वर्षी घेतलेली, म्हणजे तिला अकरा वर्षं होऊन गेली होती. रविवारी सकाळी फोर्ट विल्यमच्या बाजूने गंगेच्या घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच तिची धाव. सणासुदीला मराठी मंडळात. एरवी बाजाराला रिक्षा, डॉक्टरकडे मेट्रो. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई म्हणायच्या, "आपल्याकडे गाडी आहे हे गाडीलाच माहीत नसेल."

पण लाड मात्र भारी. नरक चतुर्दशीला पहाटे घरातल्यांचं तेल-उटणं झालं की उरलेली खोबरेलाची वाटी घेऊन हे खाली जायचे आणि चारही टायरना तेल चोळायचे. पहिल्या वर्षी टायर असे चमकले की मग दिवाळीची वाट कोण बघतो? दर महिन्याला सुरू झालं. समोरचे घोषालबाबू बाल्कनीतून सुचवायचे, "दादा, सरसोंचं लावून बघा, हाडं मजबूत होतील." जयप्रकाश हसत नसत. रबर कोरडं पडू नये म्हणून चोळतो, असं ते गंभीरपणे सांगायचे.

तर या गाडीतून रसिकाला माहेरी आणायचं ठरलं. रसिका त्यांची एकुलती एक. तिला आठवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, तेव्हा ते आईकडेच व्हायचं. ती दुर्गापूरला असायची, नवरा पराग तिथल्या कारखान्यात. सुनीतीबाईंनी सुचवलं होतं की चांगली भाड्याची गाडी करू. जयप्रकाशांना ते लागलं. "घरात नवीकोरी गाडी उभी आहे, आणि माझी मुलगी परक्याच्या गाडीतून येणार?"

आदल्या दिवशी नवरा-बायको गाडी घेऊन दुर्गापूरला गेले, रात्री राहिले. वैशाख तापलेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं, पण परागची आई जेवल्याशिवाय सोडीना. निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. परागला ड्यूटी होती. तो सामान ठेवायला खाली आला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "बाबा, टायर कधी बदललेत?"

"बदलायला त्यांना झालंय काय? हे बघ." जयप्रकाशांनी खिशातून नाणं काढून टायरच्या खाचेत उभं घातलं. नाणं चांगलं खोल गेलं. "झिजला असता तर बसलं असतं का? लोक एका वर्षात फिरवतात तेवढी ही अकरा वर्षांत फिरली नाही."

"अकरा वर्षं?" पराग म्हणाला. पुढे काही बोलणार होता, पण सासऱ्यांचा चेहरा बघून त्याने सुनीतीबाईंकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "आई, हळू जा. पोचलात की फोन करा."

ते बघणं सुनीतीबाईंच्या मनात रुतलं. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण जावई काही बोलायचं गिळतोय, हे कळायला गाडी यावी लागत नाही.

रसिका मागे उशा घेऊन बसली, सुनीतीबाई तिच्याशेजारी. पानागड गेलं. रस्ता रुंद आणि सपाट, दोन्ही बाजूंना ट्रक. डांबरावरून वाफा निघाव्या तशी हवा हलत होती. सुनीतीबाई बाहेर बघत नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष तळपायाशी होतं. तिथे, चपलेच्या खाली, काहीतरी थडथडत होतं.

"अहो, गाडी थरथरतेय."

"रस्ता खराब आहे."

"रस्त्यावर पोळी लाटता येईल इतका गुळगुळीत आहे."

"मग ट्रकांमुळे असेल. तू जरा डोळे मीट बरं."

डोळे मिटल्यावर तर ते जास्तच कळायला लागलं. त्यातच पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं. वैशाखातल्या संध्याकाळी कोलकात्याकडे वादळ सुटतं, झाडं पडतात, आणि या दिवशी ते जरा लवकरच यायच्या बेतात दिसत होतं. जयप्रकाशांनी ते आरशात पाहिलं आणि वेग वाढवला.

थडथड वाढली. आता ती सीटमधून कमरेत जाणवत होती. रसिकाने एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्या हाताने वरची कडी धरली.

"बाबा, खरंच हलतेय हो."

"पुढे शक्तिगडला थांबू. चहा घेऊ, तिथले लांबट गुलाबजाम, लँगचा, खाऊ, मग बघतो. वादळाच्या आधी बर्दवान ओलांडू दे."

"आत्ता थांबवा," सुनीतीबाई म्हणाल्या.

"अगं, थोडं तर..."

"देवस्थळी, गाडी थांबवा."

लग्न झाल्यापासून नवऱ्याला 'अहो'पलीकडे त्यांनी कधी हाक मारलेली नव्हती. आडनावाने तर बँकेतला साहेब बोलवायचा. जयप्रकाशांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. गाडी डावीकडे आली, खडीवर करकरली आणि एका बंद टपरीशेजारी शिरीषाच्या सावलीत उभी राहिली.

सुनीतीबाई आधी उतरल्या. त्यांच्या बाजूच्या मागच्या चाकाला, टायरच्या कुशीत, गळू आल्यासारखा फुगा आला होता. मुठीएवढा. त्यांनी हात लावला नाही. यावर आपण पोरीला बसवून आणलं.

"उन्हाने हवा फुगली असेल," जयप्रकाश म्हणाले. आवाजात मात्र जोर नव्हता. "स्टेपनी लावतो. ती तर एकदाही जमिनीला टेकलेली नाही."

एकाहत्तराव्या वर्षी त्या उन्हात त्यांनी जॅक लावला, नट सोडवले, घामाने शर्ट पाठीला चिकटला. मदत कुणाची घेतली नाही. स्टेपनी डिकीतून काढली तेव्हा मात्र त्यांना थोडा हुरूप आला. "बघ. नव्या टायरला रबराचे केस असतात ना, तेसुद्धा झडले नाहीत हिचे."

तोपर्यंत रसिकाने परागला फोन लावला होता. त्याचा आवाज स्पीकरवर आला. "रसिका, टायरच्या कडेला इंग्रजी अक्षरं असतील, त्यांच्या शेवटी चार आकडे एकत्र लिहिलेले असतात. शेवटचे दोन वाच."

रसिका वाकू शकत नव्हती. सुनीतीबाई खाली बसल्या, चष्मा सावरला आणि शोधत शोधत वाचलं, "एक, चार."

"म्हणजे चौदा साली बनलाय, आई. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि स्टेपनीवर?"

त्यांनी स्टेपनीवर बोट फिरवलं. "त्याच्यावरही चौदाच."

 मग पराग म्हणाला, "बाबा, रागावू नका. टायर धावून झिजतो तसा नुसता बसूनही म्हातारा होतो. पाच वर्षं झाली की दर वर्षी कुणाला तरी दाखवायचा. दहा झाली की कितीही छान दिसो, काढून टाकायचा. स्टेपनीसुद्धा. डिकीत बसली म्हणून तिचं वय थांबत नाही."

"तुझ्या कारखान्यात असेल तसं," जयप्रकाश म्हणाले. "नाणं बुडतं की नाही खाचेत? ही लावतो आणि चाळीसच्या वर नेत नाही, मग तर झालं?"

वारा सुटला. शिरीषाच्या शेंगा खडखडल्या आणि धुळीचा एक लोट रस्त्यावरून आडवा गेला.

"आई, हळूहळू जाऊ या ना," रसिका मध्येच म्हणाली. तिला बापाचा पडलेला चेहरा बघवेना. "बाबा नीट चालवतात. मी बसते."

इथे सुनीतीबाईंना खरी भीती वाटली. फुग्याची वाटली नव्हती तेवढी. पोरगी बापाचं मन राखायला निघाली होती, बाप आपल्या गाडीचं, आणि पोटातल्या जिवाचं मन राखायला कुणी नव्हतं.

त्यांनी गाडीतून आपली पिशवी काढली, टपरीच्या फळीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसल्या.

"तुम्ही जा चाळीसने. मी, ही आणि हिच्या पोटातलं, आम्ही इथे बसतो."

"वादळ येतंय, सुनीती."

"येऊ दे. छप्पर आहे."

"लोक काय म्हणतील, बायकोला रस्त्यात टाकून..."

"लोक ट्रकमध्ये आहेत. त्यांना वेळ नाही."

जयप्रकाश उभे राहिले, हातात नट उघडायचा पाना.   सुनीतीबाई उठल्या, पाण्याच्या बाटलीतून रुमाल भिजवला आणि फुगा नसलेल्या पुढच्या टायरची कूस घासून काढली. रुमाल काळा, तेलकट झाला. पुन्हा भिजवला, पुन्हा घासला. वरची चमक गेली आणि खाली भेगा दिसल्या. थंडीत टाचांना पडतात तशा, बारीक, एकमेकींत शिरलेल्या, टायरभर.

"हात लावून बघा," त्या म्हणाल्या.

जयप्रकाशांनी अंगठा दाबला. दाबल्यावर भेग उघडली आणि नख आत गेलं. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी दाबलं. मग मागच्या चाकाशी गेले, मग रस्त्याच्या बाजूच्या दोन चाकांशी. ट्रक जवळून जात होते आणि त्यांचा शर्ट वाऱ्याने फडफडत होता. सुनीतीबाईंनी त्यांना दोनदा हाक मारली, या बाजूला या म्हणून. शेवटी ते स्टेपनीपाशी येऊन बसले. तिच्यावर तर कधी तेलही लावलं नव्हतं. तिथेही नख गेलं, जरा कमी, पण गेलं.

"मी दर महिन्याला तेल लावत होतो," ते म्हणाले.

फोन अजून चालू होता. "बाबा," पराग हळूच म्हणाला, "तेलाने रबर नरम पडतं, उलट लवकर..."

"कळलं," जयप्रकाश म्हणाले.

 परागनेच तिकडून बर्दवानहून एक भाड्याची गाडी सांगितली. ती यायच्या आधी वादळ आलं. फळीवर बसणं शक्य होईना, म्हणून जयप्रकाशांनी नट आवळून जॅक काढला, आणि तिघं त्या पांढऱ्या गाडीतच काचा चढवून बसले. उभी असली तर तिच्यासारखी भरवशाची गाडी नव्हती. धूळ काचांवर आपटत होती, शिरीषाची एक फांदी मोडून टपरीच्या पत्र्यावर पडली. रसिकाने आईचा हात आपल्या पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. सुनीतीबाईंनी पुढे बघितलं. जयप्रकाश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, चालवत असल्यासारखे, आणि समोरच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

पाऊस उणावला तेव्हा भाड्याची गाडी आली. ड्रायव्हर तरुण बंगाली, घाईत. त्याने डिकी उघडली. सुनीतीबाई उशा घेऊन रसिकाला धरून निघाल्या.

"थांबा," जयप्रकाश म्हणाले.

सुनीतीबाईंनी रसिकाचा दंड घट्ट धरला. आता पुन्हा काय. पण ते त्यांच्याजवळ आले नाहीत. भाड्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकले, चष्मा पुसला आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवायला लागले. मग मागचं चाक. मग पलीकडचं.

"की देखछेन, दादू?" काय बघताय, असं ड्रायव्हरने विचारलं.

"बोयोश," ते म्हणाले. वय.

"गेल्याच वर्षीचे आहेत सगळे. चला ना, पुन्हा पाऊस येतोय."

चौथ्या टायरचे आकडे आतल्या बाजूला होते. जयप्रकाशांनी इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात गुडघे टेकले, मोबाइलचा दिवा आत धरला आणि मान वाकडी करून वाचले. ड्रायव्हरने सुनीतीबाईंकडे पाहिलं.  नवऱ्याला इतक्या वर्षांत त्यांनी देवापुढेही असे गुडघे टेकताना बघितलं नव्हतं.

ते उठले, हाताचा चिखल रुमालाला पुसला आणि मागचं दार उघडून धरलं.

"बस," ते रसिकाला म्हणाले. "हळू बस."

मग पांढऱ्या गाडीला कुलूप लावून आले, आणि तिची किल्ली सुनीतीबाईंच्या हातात दिली. "उद्या क्रेन बोलावतो. तोवर तुझ्याकडे राहू दे. रात्री माझं मन बदलायचं."

निघताना त्यांनी गाडीकडे वळून बघितलं की नाही, हे सुनीतीबाईंना कळलं नाही. त्या रसिकाच्या पाठीमागे उशी सारत होत्या.