मैनेची शोकसभा

काय सांगायचं हो तुम्हाला, अन कोणत्या तोंडानं सांगायचं! चहा घ्या आधी. ही गोष्ट ऐकून अमडापुरात लोक हसतात, अन मला अजून हसू येत नाही. बघा, तुम्हाला येतं का.

शर्यतीची घोडी भागीदारीत घेऊ नये म्हणतात. आम्ही तिघांनी घेतली. तीन मालक, अन घोडीला पाय चार. लंगडली तर लंगडणारा पाय कोणाचा, यावर आमचं पहिल्याच दिवशी वाजलं होतं.

पहिले भागीदार सलीमभाई, राहणार नांदुरा. स्टेशनाजवळ त्यांचं वेल्डिंगचं दुकान, गेट अन खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. त्यांच्या आज्याचा अन बापाचा टांगा होता नांदुरा स्टेशनावर. घोड्याचं त्यांना रक्तातूनच कळतं. दुसरे आमच्याच गावचे इंगळे गुरुजी, रिटायर मास्तर. पंचक्रोशीत कोणी वारलं की शोकसभेला भाषण गुरुजींचं. ते बोलायला लागले की मयताच्या दुश्मनाच्याही डोळ्यांत पाणी येतं. तिसरा मी, दिनकर. माझी शेती अन बैल. माझ्या जोडीनं शर्यतीचे शंकरपट गाजवलेले आहेत, बरं का! बैलाच्या नुसत्या शेणावरून मी त्याची तब्येत सांगतो.

घोडीचं नाव मैना. लाल रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. घेतल्यापासून दोन वर्षं सलीमभाईकडेच होती, कारण घोडं त्यांनाच कळतं. गुरुजींच्या घरी जागा नव्हती, म्हणून त्यांच्या हिश्शाला फक्त कौतुक आलं. पण मला चैन पडेना. हिस्सा माझा, अन घोडी त्यांच्या दारात, हे कसं?

"सामाईक विहीर असते, तिच्या पाण्याले पाळी असते का नाही?" मी म्हणालो. "मंग घोडीलेही पाळी पाहिजे."

सलीमभाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "दिनूभाऊ, तुमचा हात बैलाचा हाये."

"जनावर ते जनावर!"

हे जे वाक्य मी बोललो ना, ते माझ्या गळ्यात बांधून मला गावातून फिरवायला पाहिजे होतं.

शेवटी त्यांनी मैनेला पिकअपमध्ये घालून आणलं. येत्या रविवारी शर्यत होती, तिकडं बीबी गावाच्या बाजूला एका यात्रेत. मैनेची पहिली मोठी शर्यत. जाताना सलीमभाईंनी तिच्या मानेवर हात ठेवला अन मला म्हणाले, "आमच्या घरात तीन पिढ्या घोडे होते, भाऊ. पण सगळे दुसऱ्याचं सामान वाहाले. मोकळं पळालेलं आमचं एकही घोडं मी पाह्यलं नाही. रविवारी पाहाचं हाये."

मी म्हणालो, "डोळ्यात तेल घालून जपतो." अन जपलंही हो! तिथंच तर घोटाळा झाला.

बैलाचं कसं असतं? संध्याकाळी पोटभर खाल्लं की तो बसतो अन रवंथ करतो. रवंथ करताना बैल दिसला की मालकानं निवांत झोपावं. ही बया बसेचना! रात्री उभी, पहाटे उभी, दुपारी उभी. अन रवंथ? नाव नाही!

मी बायकोला म्हणालो, "सुशीला, इचं पोट बिघडलं. रवंथ करून नाई राह्यली."

"आवो, घोडं रवंथ करत असते का?"

"जनावर आहे न ते?"

"सलीमभाईले फोन करा."

आता फोन करू? घोडी येऊन दोन दिवस नाही झाले, अन 'ती बसत काऊन नाही' हे विचारायला फोन करू? माझी काही इज्जत आहे का नाही? मी ओवा, काळं मीठ अन गूळ यांचा चांगला लिंबाएवढा गोळा केला. बैलाला देतो तसा. तिनं तो मिटक्या मारत खाल्ला अन माझा हात चाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीला शेतात गेली होती. मी तोंडात ब्रश घालून गोठ्याच्या अंगणाचं फाटक उघडलं, अन ब्रश खाली पडला.

मैना आडवी. पूर्ण कुशीवर. चारही पाय ताठ लांबवलेले, मान मातीवर टाकलेली, ओठ सुटून दात दिसत होते. डोळ्यावर माशी बसली होती अन पापणी हलत नव्हती.

"मैना?" मी म्हणालो. आवाज कसला, नुसती हवा निघाली.

कान हलला नाही.

तुम्ही म्हणाल, जवळ जाऊन बघायचं होतं. अहो, ज्यानं बैल सांभाळले त्याला विचारा. बैल पाय पोटाशी घेऊन बसतो. असा ताठ आडवा तो आयुष्यात एकदाच होतो. मला बघायची गरजच नव्हती. मला फक्त तो लिंबाएवढा गोळा दिसत होता. मी फाटक लावलं, कडी घातली, अन तसाच बनियनवर गुरुजींकडे गेलो.

"गुरुजी, मैना गेली."

गुरुजींनी चष्मा काढला. खुर्चीत बसले. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे बघून म्हणाले, "सगळं अनित्य आहे, दिनू."

"ते खरं आहे, पण सलीमभाईले कसं सांगू?"

"फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. तू स्वतः नांदुऱ्याले जाय. इकडचं सगळं माझ्यावर सोड."

असा भरवशाचा माणूस हो! त्यांनी 'सगळं' म्हटलं, त्यात काय काय येतं हे मी विचारलं नाही.

शर्ट चढवून मोटारसायकल काढली. खामगावपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो, अन खामगावपासून ती विसरत होतो. पोचलो तर सलीमभाई दुकानासमोर काळा चष्मा लावून गेटाला टाके मारत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, दिनूभाऊ! या, बसा! चाय सांगतो. मैना कशी हाये?"

"शांत आहे."

"खाते का बराबर?"

"आता... काही मागत नाही."

"सकाळी पळवली का थोडी?"

"आज नाही पळाली."

"चांगलं केलं. आरामच पाहिजे आता तिले."

 एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला अन स्क्रीन बघितली. बघतच राहिले. मग फोन माझ्यासमोर धरला.

यात्रा कमिटीचा ग्रुप. त्यावर मैनेचा फोटो, फोटोला फुलांची चौकट, अन खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली गुरुजींचा मजकूर, अन त्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

मी मान खाली घातली. मला वाटलं, हा माणूस आता हातातल्या लोखंडानं मला मारणार, अन मारावंच. त्यांनी मशीन बंद केली, शटर ओढलं अन माझ्या मागं येऊन बसले. सगळ्या रस्त्यात एकच वाक्य. खामगावच्या पुढं कुठंतरी म्हणाले, "माझ्याकडं होती तं एकदा शिंकलीही नाही, भाऊ."

गाडी चालवताना मला समोरचं दिसेना. पुसून पुसून चालवली.

घरी पोचलो तर अर्धं अमडापूर दारात! गोठ्यामागच्या पडीक तुकड्यात जेसीबीनं खड्डा खणून ठेवलेला. ही गुरुजींची सोय. गोठ्याच्या भिंतीवर झेंडूचा हार टांगलेला, तीही गुरुजींचीच सोय. फाटकाची कडी मात्र कोणी काढली नव्हती. गुरुजींनी सांगून ठेवलं होतं, मालक सगळे आल्याशिवाय मयताचं तोंड कोणी पाहायचं नाही. अन ते स्वतः भिंतीला पाठ करून, डोळे मिटून बोलत होते.

"मैना ही केवळ घोडी नव्हती. मैना ही तीन घरांना, तीन धर्मांना बांधणारी एक..."

लोकांचे डोळे गुरुजींवरून हळूहळू वर सरकायला लागले.

"...तिचं ते पाणीदार रूप आता पुन्हा दिसणे नाही..."

गुरुजींच्या डोक्यावरून भिंतीपलीकडून एक लांब लाल तोंड आलं. कपाळावर पांढरा टिळा. त्यानं झेंडूचा हार ओढला अन कराकरा खायला सुरुवात केली.

"...ती गेली, पण तिच्या टापांचा आवाज..."

मैना फुरफुरली. गुरुजींच्या मानेवर झेंडूच्या पाकळ्या अन शिंतोडे. त्यांनी डोळे उघडले, वळले, अन जे खाली बसले ते उठेचनात. त्यांना दोघांनी धरून पाणी पाजलं.

लोक जे हसले! जेसीबीवाला सीटवरून घसरला. मी हसलो नाही. मी पळत गेलो, कडी काढली, अन सलीमभाई माझ्याही पुढं. त्यांनी तिचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोटाला कान लावला, पायांवरून हात फिरवला. मग तिच्या गळ्यात तोंड खुपसून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तोंड वर काढून त्यांनी विचारलं, "कशी पडली होती? दाखवा."

"काय दाखवू?"

"कशी पडली होती ते दाखवा मले!"

मग काय करता? सगळ्या गावासमोर मी मातीत कुशीवर पडलो, हातपाय ताठ लांबवले, मान टाकली अन ओठ सोडला. मैना येऊन मला हुंगून गेली.

सलीमभाईंचा राग कुठल्या कुठं गेला. ते माझ्याजवळ उकिडवे बसले. आवाज एकदम खाली आला.

"भाऊ, ती झोपली होती. घोडं उभ्यानं डुलक्या घेते. असं अंग टाकून कधी झोपते, माहीत हाये? त्याले पूर्ण भरवसा असला तंच. माझ्या दुकानामागं रात्रभर ट्रकांचे हॉर्न, दिवसा वेल्डिंगची चमक. दोन वर्षांत तिले आडवी झोपलेली म्या एकदाही पाह्यली नाही. अन तुमच्याकडं तिसऱ्या दिवशी..."

त्यांनी वळून मैनेकडं बघितलं. मी मातीतून उठलो नाही. अहो, कोणत्या तोंडानं उठू? त्या मुक्या जिवानं माझ्यावर भरवसा टाकला, अन मी तिच्यासाठी खड्डा खणून घेतला.

इथं संपलं असतं तरी बरं होतं. रविवारी आम्ही तिघं मैनेला घेऊन यात्रेला गेलो. सलीमभाईंनी नवा सदरा घातला होता. नाव पुकारायच्या टेबलावर एक पागोटेवाले गृहस्थ बसले होते.

"मैना, अमडापूर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, घोडीकडं बघितलं, अन गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, मैना तर वारली की. आम्ही दोन मिन्टं उभं राहिलो तिच्यासाठी."

"वारली नाही. हीच ती!"

"असं कसं? मेलेल्या घोडीच्या नावावर दुसरी घोडी पळवायची, हे इथं चालत न्हाई."

गुरुजी पुढं झाले. "मी निवृत्त शिक्षक आहे. तो मेसेज मीच पाठवला होता."

"मंग गुर्जी, तुम्ही त्या दिशी खोटं बोलले का आज बोलून राहिले?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस!  शोकसभेत तासभर बोलणारे गुरुजी, पण जिवंतपणाबद्दल त्यांच्याजवळ एक वाक्य नव्हतं.

शर्यत सुटली. धूळ उडाली, लोक ओरडले. मैना कान टवकारून, पाय आपटून पळायला मागत होती. सलीमभाई तिचा लगाम धरून दोरीच्या अलीकडं उभे होते. दुसऱ्यांची घोडी पळताना बघत. त्यांच्या बापानं, आज्यानं बघितली असतील तशीच. मला तेव्हा रडू आलं. लपवलं नाही मी, गर्दीत उभा राहून रडलो.

परतताना पिकअपजवळ मी म्हणालो, "सलीमभाई, चूक माझी आहे. घोडी घेऊन जा. माझा हिस्साही मी सोडतो."

त्यांनी मैनेला गाडीत चढवलं, दोर बांधला, फळी लावली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "अमडापूर घे."

"अमडापूर? अन नांदुरा?"

"तुमी हिस्सा सोडसान, भाऊ. पण ती झोपन कुठी?"

तेव्हापासून मैना माझ्याकडेच आहे. सलीमभाई आठवड्याला येतात, पळवतात, जातात. पुढल्या यात्रेची तयारी चालू आहे, अन कमिटीला आम्ही तिघं समक्ष जाऊन घोडी दाखवून आलोय, जिवंत.

रोज सकाळी ऊन अंगणात आलं की ती आडवी होते, चारही पाय ताठ. बैल बघायला आलेला एखादा नवा माणूस ते बघून दचकतो, हळूच म्हणतो, "भाऊ, तुमची घोडी..." मी खुर्चीतून हलत नाही. चहा पीत त्याला सांगतो, "झोपली आहे ती. घोडं असंच झोपते बे, मालकावर भरवसा असला की. तुमाले बैलवाल्यांले नाही कळायचं."

तो माणूस मान डोलावतो अन जातो.

तो वळणाआड दिसेनासा झाला की मी कप खाली ठेवतो, चपला काढतो, पाय न वाजवता तिच्याजवळ जातो, अन तिच्या नाकापुढं हात धरून बघतो.