कलकत्ता चार तासांवर

गावाकडे सखूमावशीनं लोकांच्या भाकऱ्या थापून मला बी.ए. केलं, म्हणून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मला कारकुनी मिळाली.

एकदा कलकत्त्याच्या विमानातून एक कोटवाला धावतच उतरला. "चार तासांत नागपूर!" मी अभिमानानं म्हणालो.

"माय शेवटच्या घटका मोजून राहिली, बाबू," म्हणत तो गावाकडची बैलगाडी शोधायला गेला.

पंधरा दिवसांनी तो परतीच्या विमानासाठी आला. मुंडण केलेल्या डोक्यावरून सारखा हात फिरवत होता. मी त्याचं तिकीट घेतलं. तो कडवट हसला.

"कलकत्ता जवळ हाय गा, मायचं गावच लय दूर. नाल्याले पूर होता. मी या काठावर बसून राहिलो, अन् पल्याड मायले जाळून मोकळे झाले."

त्याच संध्याकाळी मी पत्र टाकलं: "मावशी, दुखलंखुपलं तर लगेच कळव, लपवू नकोस. तुझा भाचा विमानतळावर असला, तरी तुझ्याकडे बैलगाडीनंच येणार आहे."