ईदचा फ्रॉक

आखातातल्या हूरा वस्तीतल्या कपड्यांच्या दुकानात आज कोऱ्या कापडाचा वास आला आणि मी तिथल्याच स्टुलावर बसलो.

वीस वर्षांपूर्वी आमच्या हॉटेलच्या लाँड्रीतली सुदानी मरियम दर ईदला इथूनच फ्रॉक घ्यायची. लढाईत सैनिकांनी उचलून नेलेल्या तिच्या लेकीसाठी. माप अंदाजाने, दरवर्षी थोडं मोठं.

"ब्रदर, तुझी लेकही दहाची ना? केवढी झाली?"

मी म्हणजे बोंबलाचा देवमासा करणारा माणूस! हात थेट खांद्याला लावला. "माड झालाय नुसता!"

तिने हातातला फ्रॉक खाली ठेवला. "एवढी? मग मी तिला ओळखणार कशी?"

माझी लेक जेमतेम कमरेएवढी होती. जन्मभर थापा मारल्या, पण 'अगं, थाप मारली' एवढं काही मला तेव्हा सांगता आलं नाही.