गुण्या न लावलेली फळी

"माझ्या बोलण्यावर जाऊ नका, पावणं. गुण्या लावून बगा." गिऱ्हाईक कुणीही असो, काम संपल्यावर मिस्त्रींचं हे वाक्य ठरलेलं. काटकोन तपासायचा गुण्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, फळी पुढे करायची आणि आपण दोन पावलं मागे सरकायचं. शाळा सुटल्यापासून ज्याचा काटकोनाशी काही संबंध उरलेला नाही असा माणूस मग एक डोळा मिटून, पट्टीखालून उजेड दिसतोय का ते बघत बसायचा. बघितल्याशिवाय सुटका नव्हती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, काम करून देणारा आणि वर परीक्षाही आपल्यालाच घ्यायला लावणारा. आमचे मिस्त्री राजारामपुरीत माझ्या प्लायवूडच्या दुकानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये सात-आठ वर्षं काम करायचे. उंच, वाळलेला माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. नाव विचारलं की म्हणायचे, मिस्त्री म्हणा, तेवढं पुरे.

दुकानात लाकूड कापायचं मशीन मी हौसेनं आणलं होतं. मिस्त्री त्यावर फळ्या कापून घ्यायचे, पण कापलेलं टोक तसंच कधी वापरायचे नाहीत. त्यांच्याकडे स्वतः केलेला एक पाट होता, पायरीसारखा. वरच्या पायरीला आडवी पट्टी ठोकलेली. तिला टेकवून फळी धरायची, खालच्या पायरीवर रंधा कुशीवर निजवायचा आणि फळीच्या टोकावरून सरळ ढकलायचा. सिगारेटच्या कागदाएवढी पातळ साल निघायची. असं चार-पाच वेळा केलं की टोक काटकोनात यायचं. मशीन हे काम मिनिटात करतं, असं मी एकदा जरा चढ्या आवाजात सुनावलं. त्यांनी मशीनवर कापलेली फळी उचलली, गुण्या लावला आणि माझ्यासमोर धरली. केसभर उजेड दिसत होता. मशीन माझं असल्यामुळे तो दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

हे काम कुठे शिकलात, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "कळंब्याला." कोल्हापुरात कुणी असं म्हटलं तर तो कळंब्याच्या तळ्याकाठी राहत होता असं कुणी समजत नाही. जेल तिथंच आहे. गावाकडे बांधावरून मारामारी झाली होती, त्यात एक जण गेला. आपण हात उचलला नव्हता असं मिस्त्री कोर्टात सांगून आले होते. खरं-खोटं मला माहीत नाही. शिक्षा झाली, आत सुतारकाम शिकले, सुटले तेव्हा केस पांढरे झाले होते. हे सगळं त्यांनी एकदाच, रंध्याचं पातं घासता घासता सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "माणसाला गुण्या लावता येत न्हाय, मालक. लाकडाला येतोय." मग पात्यावरचं पाणी पुसून ते कामाला लागले.

आमच्या भागात एक डॉक्टरीणबाई आहेत, दातांच्या. त्यांच्या दवाखान्यात भिंतीतल्या कपाटाला सागवानी फळ्या बसवायच्या होत्या. मिस्त्रींनी मापं आणली, फळ्या केल्या, माझ्या माणसांनी त्या पोचवल्या. दुपारी बाईंचा फोन आला. फळ्या निम्म्यात अडकतायत, आत जात नाहीत. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मिस्त्री कुठून सुटून आलेत ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. असल्या माणसाच्या कामाचा काय भरवसा, मला आधी सांगायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. आणि मी, सात वर्षं ज्याचं काम रोज बघत होतो तो मी, म्हणालो, "बरोबर आहे मॅडम. दुसरा माणूस पाठवतो."

फोन ठेवून वळलो तर मिस्त्री दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत जाऊन त्यांनी पाट, रंधा, गुण्या पिशवीत घातला आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

दवाखान्यात बाई दारातच थांबल्या. मिस्त्रींनी गुण्या त्यांच्या हातात दिला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, नेहमीपेक्षा हळू. बाईंनी फळीची चारही टोकं तपासली. कुठं उजेड नव्हता. मग मिस्त्रींनी त्यांना तोच गुण्या कपाटाच्या आतल्या कोपऱ्याला लावायला सांगितला. पट्टीमागे सरळ फट दिसत होती. भिंत आत जाता जाता सूतभर अंग चोरत होती. बाईंनी गुण्या खाली घेतला.

"चूक माझीच हाय," मिस्त्री म्हणाले. "मापं घेताना भिंतीला गुण्या लावला न्हाय."

मग त्यांनी फरशीवर पाट मांडला. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी करून ती पाटाची पट्टी आणि फळी यांच्यामध्ये एका टोकाला सरकवली. फळी जराशी तिरकी झाली, आणि रंध्यानं ती तेवढीच तिरकी कापली गेली, भिंत होती तशी. पहिली फळी सरकत मागच्या भिंतीला जाऊन टेकली. बाकीच्या तासाभरात झाल्या. बाईंनी चहा मागवला. पुढे त्या लोकांना सांगायच्या, माणूस तसला असला तरी काम सरळ आहे. कौतुक एवढंच.

परत येताना पाट मांडीवर घेऊन ते मागे बसले होते. मी फोनवर उगाच तसं बोललो, चुकलंच माझं, असं मी सिग्नलला म्हणालो.

"तुम्ही बी गुण्या लावला न्हवता," ते म्हणाले. "एवढंच झालं."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. त्यांना स्वतःला मात्र वेगळंच लागलं होतं. जन्मात पहिल्यांदा फळी मुद्दाम वाकडी कापावी लागली, हे ते पुढे तीन दिवस कुरकुरत होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. उभं राहणं होईना, तेव्हा पेठ वडगावला बहिणीकडे जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी उरलेल्या सागवानाची एक फळी माझ्या गल्ल्यामागे, कुलपं मांडायला बसवून दिली. हात पुसले. गुण्या पुढे केला.

मी हात मागे घेतला. म्हणालो, "राहू दे मिस्त्री. तुम्ही म्हणताय न्हवं सरळ हाय म्हणून?"

ते गुण्या तसाच धरून उभे राहिले. दारात एक गिऱ्हाईक खिळे मागत होतं, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "सरळ हाय."

मग धोतराच्या सोग्यानं पट्टी पुसून त्यांनी गुण्या पिशवीत टाकला आणि रिक्षा बघायला बाहेर गेले. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या बहिणीच्या घरून फोन आला. मिस्त्री गेले होते.

माझ्या दुकानात विकायच्या गुण्यांचा खोका कायम असतो, त्या फळीपासून हातभर अंतरावर. अजून एकही तिला लावलेला नाही.