नागपूर, पन्नास मुक्काम

दुसऱ्या कुणीही मोजलेलं अंतर माझ्या थोरल्या भावाला आजवर मान्य झालेलं नाही. रस्त्याकडेचे दगड, मोबाइलमधला नकाशा, एसटीचं वेळापत्रक, सगळं त्याच्या लेखी अंदाजपंचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यामुळे तो मोजतो मुक्कामात, म्हणजे कळप दिवसभर चरत चरत जाऊन रात्री जिथं बसतो तिथपर्यंत. एकदा पेठ गावाजवळ रस्त्याकडेला कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. एका मोटारवाल्यानं काच खाली करून पुणं किती लांब, असं विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाला, "पावणं, संगं मेंढरं हायती का?" "नाहीत." "मंग जावा राव, दीड तास."

याच माणसानं मी शिकावं म्हणून चौथीत शाळा सोडली आणि माझ्या वाटणीची मेंढरंही राखली. मी जुन्नरच्या कॉलेजातून पदवी घेतली, घरातली पहिली, आणि नोकरीसाठी नागपूरला गेले. नागपूर त्याच्या हिशोबानं पन्नास मुक्काम. मी सांगितलं, पुण्याहून विमानानं दीड तास. "पुण्याहून," तो म्हणाला. "आपलं घर पिंपरी पेंढारला हाय. उंबऱ्यापासनं सांग." मी एसटी धरली, पुण्यातली गर्दी धरली, विमानतळावरचे दोन तास धरले. तरी सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचत होता. त्यावर तो म्हणाला, "आन वाट कुठं दिसली?"

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं. आमच्यात पोरगं मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय केसांना कात्री लागत नाही, आणि मामा एकच. मी विमानाचं तिकीट पाठवलं. ते घरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून तो चार दिवस आधीच एसटीनं निघाला. अंधारात वाट दिसत नाही म्हणून दिवसाच प्रवास, रात्री स्टँडवर पथारी. जावळाच्या सकाळी त्याचा पत्ता नाही. फोन केला तर वर्ध्याच्या अलीकडं. "एक हीर दिसली. पाणी बघाया उतारलो, तवर गाडी गेली."

पुण्याहून विमानानं आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, न्हावी खोळंबलाय. शेजारच्या भाऊंच्या मांडीवर बसवू." भावाच्या हिशोबाला मी जन्मभर हसले होते. पण त्या सकाळी मुलाला कडेवर घेतलं आणि म्हटलं, "माझा भाऊ वाटेत आहे. तो येईपर्यंत केस राहतील डोक्यावर."

तो दुपारी तीनला आला, पटक्यापासून पायांपर्यंत धुळीनं माखलेला. हातपाय धुऊन मांडी घालून बसला. जावळ निघालं. मग मात्र मी चिडून विचारलं, "दादा, विहिरीत एवढं काय बघायचं होतं?"

"लॉकडाऊनमदी समदं बंद झालं व्हतं," तो भाच्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत म्हणाला. "विमान न्हाई, एसटी न्हाई. तू हितं तापानं पडलेली, एकटी. मी चालत निघणार व्हतो, पर मला वाटच ठावी नव्हती. आता पाणी कुठं हाय, बसायला सावली कुठं हाय, समदं बघून ठिवलंय."

हल्ली मी विमानानं जाते तेव्हा खिडकीची जागा मागून घेते. वर्ध्याच्या आसपास ती विहीर शोधते. दीड तासात काहीच दिसत नाही.