उंबऱ्याबाहेरचे पांढरे बूट

माझा एकच फोटो आजवर गाजला. आमच्या लायब्ररीच्या भिंतीवर तो महिनाभर टांगलेला होता आणि शिकागोला निघालेल्या पाहुण्यांनाही मी मुद्दाम वाट वाकडी करून तिथे नेत असे. फोटोत एक लॉग केबिन आहे. कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत बसवलेले ओंडके, फटींत लिंपलेली माती, आणि इतकं बुटकं दार की आत शिरणारा नास्तिकसुद्धा वाकतो. माणूस मात्र नाही. किंबहुना ‘कसं अगदी निर्मनुष्य साधलंय’ असं मीच लोकांना सुचवायचो, म्हणजे त्यांचा वेळ वाचे.

आम्ही राहतो त्या नेपरव्हिलपासून गाडीनं तासाभरावर हे उघड्या माळावरचं म्युझियम आहे. या भागात पहिल्यांदा येऊन राहिलेल्यांची घरं गावोगावहून ओंडका न् ओंडका सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी मी तिथे कॅमेरा घेऊन जायचो आणि आईलाही न्यायचो.

बाबा गेल्यावर आई सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटी होती. सहा महिन्यांसाठी म्हणून तिला आणलं होतं, पण तिनं जास्त राहावं, जमलं तर कायमचंच, असं माझ्या मनात होतं. मुक्काम वाढवायचा अर्ज भरून तयार होता, फक्त तिची सही बाकी होती. तो डायनिंग टेबलवर फळांच्या टोपलीखाली पडून असायचा. मी रोज विचारायचो, ती रोज म्हणायची, ‘पाहू.’

साडीखाली घालायला मी तिला पांढरेशुभ्र वेल्क्रोचे बूट घेतले होते. आमच्या घरी ती ते पुढच्या दाराबाहेर काढायची. कॉलनीच्या नियमात असं बाहेर काही ठेवणं बसत नाही, गॅरेजमध्ये ठेव, असं मी सांगितलं, तर तिनं मुकाट्यानं ठेवले. पण म्युझियममध्ये काही केल्या ऐकेना. प्रत्येक केबिनच्या दारात ओंडक्याला टेकायची, चर्र, चर्र करून बूट काढायची आणि उंबऱ्यावर पाय न देता आत जायची.

“अगं, इथे कुणी राहत नाही,” मी म्हणालो.

“चूल दिसतेय की आत. चुलीपाशी बूट घालून जायचं?”

त्या केबिनमध्ये जुन्या पद्धतीचा झगा आणि झालरीची टोपी घालून एक स्वयंसेविका बसायची. तिला हे भलतंच आवडलं. इतक्या वर्षांत या घराला घर समजून आत आलेली ही पहिलीच बाई, असं ती मला म्हणाली. दोघींची भाषा वेगळी, पण लोणी घुसळण्याच्या खुणा दोघींना येत होत्या. आई तासतासभर आत रमायची. बाहेर मी आणि ते बूट.

तपकिरी घर, तपकिरी सावली आणि मधोमध दोन पांढरे ठिपके. दुसरीकडे नजर जाईल तर शपथ. एका शनिवारी तर ओंडक्यांवर असं तिरपं ऊन आलं की मी अक्षरशः गवतात लोळण घेतली, आणि लेन्समध्ये पाहतो तो बूट. तिला ओरडून सांगितलं, बूट उचल. तिनं दारातून डोकं काढून विचारलं, आत घेऊ का. ऊन चाललं होतं. मी बुटांसकट फोटो काढला आणि पुढच्या दोन संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून बूट पुसले. तिथे नवं गवत उगवलं, पातं पातं.

लायब्ररीतल्या प्रदर्शनाला आई सिल्कची साडी नेसून आली. फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

“माझे बूट कुठे गेले?”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. शेजारचं गवत कसं उचललं, बुटांवर कसं पसरलं, हे हातवारे करून सांगितलं. चार लोक जमले, त्यांच्यासाठी इंग्रजीत पुन्हा सांगितलं. सगळे हसले. आईही हसली.

“छान जमलंय,” ती म्हणाली. “तिथे कुणी आलं होतं असं वाटतच नाही.”

मी हे कौतुक समजलो. परतताना गाडीत तेच दोनदा बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिनं अर्ज टोपलीखालून काढला, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे ठेवला.

“तिकीट आहे त्याच तारखेचं राहू दे.”

मी सांगलीच्या फ्लॅटचा जिना काढला, एकटेपण काढलं, तिचा रक्तदाब काढला. शेजारणीकडे किल्ली आहे, असं ती म्हणाली. फोटोचा विषय तिनं काढला नाही. कशावरही तासभर बोलू शकणाऱ्या मीही काढला नाही.

जाताना बूट गॅरेजमध्येच ठेवून गेली. सांगलीत कुठे घालू, म्हणाली.

ऑक्टोबरात मी ते घेऊन म्युझियममध्ये गेलो. मूळ फोटो कधीच उडवला होता, कार्डावर जागा हवी होती म्हणून. बूट उंबऱ्याबाहेर ठेवले. ती कसे काढायची, डावा पुढे की उजवा, आठवेना. सरळ ठेवले तर दुकानातल्यासारखे दिसत, वाकडे ठेवले तर वाकडे ठेवल्यासारखे. मी गवतात बसून ते हलवत होतो, तेवढ्यात टोपीवाली बाई पाण्याची बादली घेऊन आली. बूट तिनं लगेच ओळखले. चेहरा उजळला. बादली खाली ठेवून, हात झग्याला पुसत, ती आईला भेटायला वाकून आत गेली.