निळ्या पट्टीची डॉक्टरीन

काजळवाडीच्या मारुतीच्या पारामागे एक लांब भिंत आहे. तिच्यावर लाइनमनचा, ग्रामसेवकाचा आणि गुरांच्या डॉक्टरचा नंबर पांढऱ्या रंगात लिहिला आहे. त्यांच्या खाली, जरा ठसठशीत अक्षरात, अजून एक नंबर आहे: वर्षाली डॉक्टरीन. हे अक्षर खुशालरावांचं, म्हणजे वर्षालीच्या सासऱ्यांचं. सून ॲम्ब्युलन्सवर लागली त्या आठवड्यात म्हाताऱ्याने रंगाचा डबा आणि ब्रश घेतला आणि कोणाला न विचारता लिहून टाकलं.

"बाबा, मी डॉक्टर नाही हो," वर्षाली म्हणाली होती.

"मंग काय हायेस? दवाखान्याची गाडी तू चालवतेस का?"

"गाडी धर्मपालभाऊ चालवतात. मी पेशंटजवळ बसते."

"पेशंटजवळ बसते थो डॉक्टरच असते," खुशालराव म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

वर्षालीचं माहेर अमरावतीचं. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. बारावी सायन्स झाली, नर्सिंगचा नंबर थोडक्यात हुकला आणि लग्न ठरलं. नवरा भगवंत साधा माणूस, पाण्याच्या जळालेल्या मोटारींची वायर पुन्हा भरून देण्याचं त्याचं दुकान. मुलगी आचल तीन वर्षांची झाली तेव्हा वर्षालीनं ॲम्ब्युलन्सच्या कोर्सची जाहिरात पाहिली. पोरीला सासूकडे ठेवून ती माहेरी राहिली आणि सहा महिने अमरावतीला क्लासला गेली. दर गुरुवारचा उपास होता तिचा. क्लासमध्ये छाती दाबायची प्रॅक्टिस गुरुवारीच असायची. उपाशीपोटी ती रबरी बाहुल्याची छाती दाबत राहायची आणि मनात गजानन महाराजांना म्हणायची, महाराज, एवढं पास करा.

महाराजांनी पास केलं. पण पास होण्यातही पायऱ्या होत्या. नुसते प्रथमोपचार शिकलेल्याच्या बाहीवर पांढरी पट्टी. बेसिक झालेल्याच्या बाहीवर निळी. त्यावरच्याची लाल. वर्षालीची निळी. निळ्या पट्टीनं श्वासाची वाट मोकळी करावी, घशातला फेस सक्शन मशीननं ओढून काढावा, ऑक्सिजन लावावा, वाहतं रक्त थांबवावं, मोडलेल्या हाडाला फळी बांधावी, वेळ आलीच तर गाडीत बाळंतपणही करवावं. पण सुई टोचायची नाही. सलाईन नाही, इंजेक्शन नाही. ते लाल पट्टीचं किंवा डॉक्टरचं काम. लाल पट्टीचा कोर्स नागपूरला होता, दोन वर्षांचा. आचलला सोडून दोन वर्षं कोण राहणार? वर्षालीनं तो विचार देवघरातल्या ताम्हनात ठेवल्यासारखा ठेवून दिला. रोज दिसायचा, कोणी हलवत नव्हतं.

गावात हे सगळं सांगून झालं होतं. आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत सांगितलं, बचत गटात सांगितलं, हळदीकुंकवाला सांगितलं.

"इंजेक्शन नाई देत त कायची डॉक्टरीन वं?" शेजारची म्हातारी म्हणाली होती.

"तेच तर सांगून राहिली ना आजी. कोणाला जास्त झालं की आधी सरकारी नंबर लावा. तिथून डॉक्टरवाली गाडी येते."

"थे लोक नाव विचारतात, गाव विचारतात, तालुका विचारतात. तुले फोन केला का तू म्हणतेस, आलीच. मंग?"

बायका हसल्या. वर्षालीही हसली. आणि खरंच, कोणाला विंचू चावला, कोणाची साखर उतरली, की फोन तिलाच यायचा. ती ज्या धर्मादाय संस्थेच्या गाडीवर होती ती गाडी अकोला–बार्शीटाकळी रस्त्यावरच्या फाट्यावर उभी असायची. फोन आला की ती संस्थेच्या कंट्रोल रूमला कळवायची आणि निघायची. आजवर निभावलं होतं. विंचवाचा माणूस हॉस्पिटलात पोचला की गावात बातमी व्हायची: आपल्या डॉक्टरनीनं वाचवला.

सप्टेंबरचा महिना होता. कपाशी कमरेला लागली होती आणि सगळीकडे फवारणी चालू होती. शालिकराम सकाळपासून पाठीवर पंप घेऊन शेतात होता. शालिकराम म्हणजे भगवंतचा चुलतभाऊ, वयानं मोठा, म्हणून वर्षालीचा भासरा. वारा उलटा फिरत होता. औषधाचे तुषार अंगावर येत होते आणि उकाड्यानं त्यानं तोंडावरचा रुमाल काढून टाकला होता. दुपारी बांधावर येऊन बसला तो उठलाच नाही.

फोन शालिकरामच्या बायकोचा, जमुनाचा. वर्षालीची थोरली जाऊ.

"वर्षाली, अवं लवकर ये. यायच्या तोंडातून पाणी येऊन राह्यलं, हातपाय उडून राह्यले."

"फवारणी करत होते का? बाई, ऐका, त्यांचे कपडे काढा. साबणानं अंग धुवा. आणि गावातली जीप काढा, मी येईपर्यंत थांबू नका. फाट्याकडे या, मी समोरून येते."

"हो हो. तू ये."

त्या दिवशी गाडीवर डॉक्टर नव्हते. आठवड्यातून काही दिवस एक डॉक्टर या गाडीवर असत, म्हणून औषधांची पेटी गाडीतच राहायची, लाल सील लावलेली. ते आज दुसऱ्या गाडीबरोबर मूर्तिजापूरकडे अपघातावर गेले होते. वर्षालीनं कंट्रोलला कळवलं. धर्मपालनं गाडी काढली. तो पंधरा वर्षं गाड्या चालवत होता, त्याला रस्त्यातला प्रत्येक खड्डा नावानं माहीत असावा.

"जीप समोरून येईन ना?" त्यानं विचारलं.

"सांगितलं तर आहे."

फाट्यावरून आत वळले, नाल्याचा पूल गेला, काळ्या मातीचा चिखल लागला, तरी समोरून जीप आली नाही. गाव आलं. जीप मारुतीच्या पारासमोर उभी होती. तिची मागची फळी उघडी होती. आणि शालिकराम जीपमध्ये नव्हता, पारावर होता.

झालं होतं असं. पोरांनी त्याला जीपमध्ये घातलं होतं. ड्रायव्हरनं चावी फिरवली होती. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, चाललात कुठे? आपली डॉक्टरीन येऊन राह्यली ना. मग चारचौघांनी म्हटलं, बरोबर, खड्ड्यातून कायले हलवता, इथंच इंजेक्शन देईन थे. आणि त्याला पुन्हा उतरवला. अंगाला घाम सुटला होता आणि थरथरत होता, म्हणून वरून घोंगडी टाकली. आत तेच कपडे, औषधानं ओले. कोणी ताक पाजायला पाहिलं होतं, ते गळ्यावरून ओघळून वाळलं होतं.

वर्षाली धावत पारावर चढली. घोंगडी दूर केली. वास नाकात घुसला. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, छातीत घरघर होती, दंडाचं मांस कातडीखाली वळवळत होतं. तिनं हातमोजे चढवले, कात्री काढली आणि शर्टाला लावली.

"अवं, भासरा हाये थो!" मागून एका बाईचा आवाज आला.

लग्नाला दहा वर्षं झाली, वर्षालीनं कधी शालिकरामसमोर खुर्चीवर बसून चहा घेतला नव्हता. त्याच्या हातात थेट काही दिलं नव्हतं. ताट खाली ठेवायचं, मग त्यानं उचलायचं, अशी घरची रीत. आज तिनं त्याचा शर्ट उभा कापला, पॅन्ट कापली, आणि ओरडली, "बादली आणा, साबण आणा! पोरं हो, हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला आणि मग धरा." खुशालराव मान वळवून उभे राहिले. जमुनानं बादली आणली आणि दोघींनी मिळून त्याचं अंग धुतलं. मग वर्षालीनं त्याला कुशीवर केलं, तोंडातला फेस मशीननं ओढला, ऑक्सिजन लावला, स्ट्रेचर गाडीत चढवलं. निळ्या पट्टीचं होतं ते सगळं तिनं केलं, हात एकदाही अडखळला नाही.

गाडी निघाली. जमुना आत बसली होती, नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन. फेस पुन्हा पुन्हा भरत होता. वर्षाली ओढायची, पुन्हा भरायचा.

तिनं कंट्रोलला फोन लावला. पलीकडे कंट्रोलवरचे डॉक्टर होते.

"सर, फवारणीची विषबाधा आहे. फेस थांबत नाही. गाडीत त्यावरचं इंजेक्शन, ॲट्रोपिन, आहे, पेटीत."

"तुमची लेव्हल?"

"बेसिक."

"पेटी उघडू नका. मी फोनवरून तुम्हाला सुई द्यायला नाही सांगू शकत. मूर्तिजापूरला गेलेली डॉक्टरवाली गाडी निघायला वेळ आहे. सक्शन करत राहा, ऑक्सिजन चालू ठेवा, सरळ अकोला गाठा. मी तिथं कळवतो."

जमुनानं ऐकलं होतं. तिची नजर पेटीवर गेली.

"औषध हाये?"

वर्षालीनं नळी पुन्हा शालिकरामच्या तोंडात सरकवली.

"वर्षाली. त्या डब्यात औषध हाये का?"

"आहे, बाई."

"मंग दे न वं!"

"मला द्यायचा अधिकार नाही."

"अधिकार कायचा? घरचा माणूस हाये. मी सही करतो. म्या सांगतलं म्हणून सांग. भाऊ, तुमी सांगा हिले!"

धर्मपालनं आरशातून पाहिलं. त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. "वयनी, तिच्या हातात नाही ते," तो म्हणाला आणि गाडी अजून दाबली.

आता अधिकाराचंच असतं तर कदाचित वर्षालीनं सीलही तोडलं असतं. नोकरी गेली असती तर गेली असती. पण खरी गोष्ट तिच्या तिलाच माहीत होती. सुई शिरेत जाताना तिनं पाहिली होती, पण ते औषध किती द्यायचं, कितीदा द्यायचं, नाडी कुठवर चढली की थांबायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. क्लासमध्ये मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या की हे औषध कमी पडलं तरी माणूस जातो आणि जास्त झालं तरी जातो, म्हणून तुम्ही हात लावायचा नाही. बाटली हाताच्या अंतरावर होती आणि तिच्यात किती थेंब शालिकरामचे आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. हे जमुनाला कसं सांगणार? डॉक्टरीन म्हणून बोलावलेल्या बाईनं, मला येत नाही, असं कसं म्हणायचं?

तरी तिनं म्हटलं. "बाई, मला येत नाही ते."

जमुनानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती खोटं बोलत होती. अख्ख्या गावानं तिला इतके दिवस डॉक्टरीन म्हटलं, आणि आज, ह्या वेळी, हिला येत नाही?

"महाराजाची शपथ घे," जमुना म्हणाली.

"महाराजांची शपथ."

मग जमुना नवऱ्याचे तळवे चोळत राहिली. वर्षाली मनातल्या मनात महाराजांचं नाव घेत फेस ओढत राहिली. एका हातानं नळी, एका हातानं हनुवटी वर उचललेली. गाव मागे पडलं, बाभळी मागे पडल्या, शहराबाहेरचे पेट्रोलपंप आले. शालिकरामचा श्वास मधेच अडखळायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. शेवटच्या चौकात तो अडखळला आणि सुरूच झाला नाही. वर्षालीनं त्याच्या तोंडावर मास्क धरून रबरी पिशवीनं श्वास द्यायला घेतला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत दाबत राहिली.

आत घेतलं. पडद्यामागे डॉक्टरांची धावपळ झाली. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली, खरी डॉक्टरीण, गळ्यात स्टेथोस्कोप. तिनं वर्षालीला विचारलं, "वाटेत काही इंजेक्शन दिलं का?"

"नाही मॅडम."

"अंदाजानं काही नाही दिलं ते बरं केलं," ती म्हणाली आणि पडद्यामागे परत गेली.

बोलणं बरोबर होतं. पण जमुना दोन पावलांवर उभी होती. बरं केलं, हे शब्द तिच्या कानात गेलेले वर्षालीला दिसले. तिनं पुढे होऊन जमुनाच्या खांद्यावर हात ठेवला. जमुनानं तो झटकला नाही, धरलाही नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत शालिकराम गेला.

भगवंत आला, गावातली चार माणसं आली. खुशालराव भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. आपण भिंतीवर लिहिलं नसतं तर, असं काही त्यांच्या मनात असेल का? वर्षालीनं विचारलं नाही. त्याचं उत्तर तिलाही नको होतं.

कागदपत्रं झाली. जमुना उठून वर्षालीजवळ आली. तिचा आवाज बसला होता.

"चाल. यायले घेऊन जाऊ घरी. तुह्याच गाडीत. दुसऱ्या कोणाच्या गाडीत नाई घालत मी यायले."

वर्षालीनं धर्मपालकडे पाहिलं. धर्मपालनं खाली पाहिलं.

"बाई," वर्षाली म्हणाली, "आमच्या गाडीत नेता येत नाही. गेलेल्या माणसाला शववाहिका लागते. मी बोलावते, लगेच बोलावते."

जमुनाला आधी समजलं नाही. मग समजलं.

"हे बी तुह्या कामात नाई?"

"नाही, बाई."

"मंग काय हाये वं तुह्या कामात?"

तिनं ते टोचून विचारलं नाही. खरंच विचारलं, पोरीनं आईला विचारावं तसं. वर्षालीकडे यादी होती, क्लासमध्ये पाठ केलेली, अजूनही तोंडपाठ.

तिनं शववाहिकेला फोन लावला. ती येईपर्यंत जमुनाजवळ बसावं म्हणून जमिनीवर बसली. तेवढ्यात कंट्रोलचा फोन आला, बाळापूर रस्त्यावर मोटरसायकलवरून पडलेली बाई. धर्मपालनं चावी हातात घेतली.

"जा," जमुना म्हणाली. "जा, जा. कोणी वाट पाहत असन."

वर्षाली उठली. भासऱ्याच्या पायाला हात लावून नमस्कार करावा असं तिला वाटलं, पण त्याला आत नेलं होतं. ती गाडीत चढली आणि पाकिटातून नवे हातमोजे काढून चढवू लागली. घामानं ओल्या हातांवर ते नीट चढत नव्हते.